कोयनेचा हादरा आणि तांबट आळीतला ठोका

प्रश्न : ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे आमच्या वाड्यात फडताळातली भांडी खडखडली, असं आजी सांगायची. भूकंप कोयनेला झाला, हे पुण्यात बसून कसं कळतं? आणि त्याची तीव्रता एका पुस्तकात ६.३, दुसऱ्यात ६.५ कशी?
— एक वाचक, कसबा पेठ, पुणे

उत्तर : आजींना एक विचारायला हवं होतं : भांडी आधी नुसती थरथरली आणि वाडा जरा वेळाने हलला, असं झालं का? सगळी गोम त्या ‘जरा वेळा’त आहे. भूकंपातून दोन लहरी एकदमच सुटतात. खडक दाबत-ताणत जाणारी पहिली सेकंदाला साधारण ६ किलोमीटर धावते. आडवे हिसके देणारी दुसरी, साडेतीन. कोयनानगर सरळ रेषेत सव्वाशे किलोमीटर धरलं, तर पहिली २१ सेकंदांत पुण्याला पोचते, दुसरी ३६. भूकंपमापकाच्या नोंदीवर मधले १५ सेकंद मोजायचे, त्यांना सुमारे ८.४ ने गुणायचं, की अंतर निघालं.

दिशा मात्र कळत नाही. पुण्याभोवती तेवढं वर्तुळ काढलं तर ते कोयनेवरून जातं, तसंच मुंबईजवळून आणि अरबी समुद्रातूनही. म्हणून आणखी दोन ठिकाणांची वर्तुळं काढायची. तिन्ही जिथे मिळतात तिथे केंद्र. आता संगणक अनेक ठिकाणच्या नोंदी जुळवतो, खोलीही काढतो. कोयनेला तर १९६७ च्या आधीच यंत्रं बसली होती, कारण १९६२ पासून धरणात पाणी साठू लागल्यावर बारीक धक्के जाणवत होते.

आता आकडा. तुमच्याच तांबट आळीत जा. हातोड्याचा ठोका एकच. शेजारी बसलात तर कान किटतात, कसबा गणपतीपाशी जेमतेम ऐकू येतो. किती मोठा ऐकू आला आणि किती लांबून, हे दोन्ही ठाऊक असेल तर ठोक्याचा जोर सांगता येतो. चार्ल्स रिश्टर यांनी १९३५ मध्ये हेच केलं. त्यांच्या मोजपट्टीवर आकडा एकाने वाढला की नोंदीतली लाट दसपट उंच होते, ऊर्जा सुमारे ३२ पट. (ठोक्याचा जोर आणि कानाला बसणारा दणका, वर्तमानपत्रं दोन्हीला ‘तीव्रता’च म्हणतात. निम्मा घोळ तिथेच होतो.)

पुस्तकं भांडतात, कारण मोजायच्या रीती अनेक. कुणी पहिल्या लहरीची उंची घेतं, कुणी जमिनीच्या पृष्ठभागावरून रेंगाळत येणाऱ्या लांब लाटांची. हल्ली तर किती क्षेत्रफळाचा खडक किती सरकला यावरून हिशेब मांडतात. शिवाय प्रत्येक यंत्राखालची जमीन निराळी. ०.२ चा फरक दिसायला किरकोळ. ऊर्जेत तो दुपटीचा असतो.