पाण्याच्या कांठीं सावधगिरी

ज्या पाण्यानें आपलें शेत भिजतें, त्याच पाण्यांत घरचें मूल क्षणांत नाहींसें होऊं शकतें. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें सन २०२१ मध्यें जगांत सुमारें ३ लाख माणसें बुडून मेलीं. त्यांत दर चारांत एक पांच वर्षांच्या आंतील बालक होतें. म्हणून या पाठांत तीन गोष्टींचा विचार करूं.

१. धोका कसा येतो? बुडणारा मनुष्य मोठ्यानें ओरडतो असा पुष्कळांचा समज आहे. तो चुकीचा आहे. ज्याला श्वासच पुरत नाहीं तो हांक कोठून मारणार? बुडणें बहुधा मुकाट्यानें होतें. आई जवळच धुणें धूत असली तरी तिला कांहीं ऐकूं येत नाहीं. तान्ह्या बालकास तर बादलीभर पाणीही पुरें होतें.

हल्लीं पुष्कळ गांवीं शेततळीं झालीं आहेत. पाणी मुरूं नये म्हणून त्यांस प्लास्टिकचें अस्तर घालतात. तें ओलें झालें म्हणजे इतकें निसरडें होतें कीं, पट्टीचा पोहणाराही वर चढतांना पुन्हा पुन्हा खालीं घसरतो व अखेर थकतो. कित्येक विहिरींस निदान पायऱ्या तरी असतात. येथें धरावयास कांहींच नसतें.

समुद्राची रीत निराळी. किनाऱ्यावर आलेलें पाणी कोठें कोठें एका अरुंद पट्ट्यांतून वेगानें आंत ओढलें जातें. तेथें लाटा कमी फुटतात, म्हणून अजाण मनुष्यास तीच जागा शांत वाटते. सन २०१६ च्या फेब्रुवारींत मुरुड येथें सहलीस गेलेले पुण्याचे १४ विद्यार्थी व विद्यार्थिनी समुद्रांत बुडून मृत्यु पावले. ते घरून आनंदानें निघाले होते, हें विसरूं नये.

२. तो कसा टाळावा? उघड्या ठेवलेल्या खड्ड्यांत दुसऱ्याचें जनावर पडल्यास खड्ड्याच्या मालकानें भरपाई करावी, असा मोशेच्या नियमशास्त्रांत नियम आहे. जनावराविषयीं इतकी काळजी, तर मुलाविषयीं किती असावी! विहिरीस कठडा व शेततळ्यास कुंपण करावें. तळ्याच्या चारी बाजूंस खुंटे रोवून गांठी मारलेले दोर पाण्यापर्यंत सोडावे. कामाच्या वेळीं मुलांवर लक्ष ठेवण्यास एक मोठें माणूस नेमावें. सर्वांचें काम तें कोणाचेंच नव्हे. मुलांस पोहणें शिकवावें, परंतु पाठीस भोपळा बांधला म्हणून त्यांस एकटें सोडूं नये. समुद्रांत उतरण्यापूर्वीं भरती-ओहोटी तेथल्या कोळ्यांस विचारावी. ओढींत सांपडल्यास तिच्याशीं झगडूं नये. किनाऱ्यास समांतर पोहत तिच्या बाहेर पडावें.

३. कोणी बुडूं लागल्यास काय करावें? एकदम उडी टाकूं नये. बुडणारा मिठी मारतो, आणि एकाच्या मागें दुसरा जातो. कित्येक घरांत अशा रीतीनें दोघे भाऊ एकाच दिवशीं गेले आहेत. लोकांस हांका मारून दोर, बांबू किंवा लुगडें टाकावें. झांकण लावलेला रिकामा डबाही तरंगतो व आधार देतो.

बाहेर काढल्यावर त्यास उलटें टांगणें, गरगर फिरविणें किंवा पोट दाबणें या जुन्या रीति सोडून द्याव्या. त्यांत वेळ जातो, व ओकारी श्वासनलिकेंत शिरते. श्वास चालत नसल्यास त्यास उताणें निजवून, डोकें किंचित् मागें करून, नाक चिमटींत धरून तोंडानें श्वास द्यावे. नंतर छातीच्या मध्यभागीं जोरानें व जलद ३० वेळां दाबावें, मग २ श्वास. हा क्रम मदत येईपर्यंत चालू ठेवावा. महाराष्ट्रांत १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. मनुष्य शुद्धीवर आला तरी त्यास दवाखान्यांत न्यावेंच.

प्रश्न: आपल्या गांवीं कठडा नसलेल्या विहिरी किती? प्रत्येक तळ्यावर दोर आहे काय? नसल्यास तो या आठवड्यांत कोण बांधील?