गवत कापण्यापूर्वी

निर्गम २३:२८ मध्ये गांधीलमाशांचा उल्लेख आहे. त्या उठलेल्या ज्याने पाहिल्या आहेत, त्याला तो समजावून सांगावा लागत नाही.

दुर्ग-भिलाईच्या परिसरात लाल, मुरमाड जमिनीला भाठा म्हणतात. पावसाळ्यानंतर अशा पडीक जागी गवत माजते आणि त्याखालील बिळे झाकली जातात. पिवळ्या तोंडाची, पोटावर पिवळा पट्टा असलेली तांबूस गांधीलमाशी जमिनीतही घर करते. जुन्या ट्रॅक्टरला केबिन नसते. गवत कापणाऱ्या यंत्राच्या हादऱ्याने माशा चवताळल्या की चालक उघडाच सापडतो. घाबरून त्याने उडी टाकली, तर डंखापेक्षा फिरती पातीच अधिक घातक ठरतात. म्हणून आसन न सोडता पाती थांबवावीत व ट्रॅक्टर दूर न्यावा.

त्याहून बरे म्हणजे आदल्या दिवशी भर उन्हात ती जमीन दुरून न्याहाळावी. एकाच ठिकाणी माशांची ये-जा दिसली, तर सुरक्षित अंतरावर खुंट रोवून तेवढे गवत उभेच राहू द्यावे. बिळात रॉकेल ओतणे हा निव्वळ वेडेपणा. ही माशी इतर कीटक धरून आपल्या अळ्यांना चारते. मधमाश्या पाळणाऱ्यांना मात्र ती नकोशीच!

तिची नांगी जखमेत राहत नाही, म्हणून ती पुनःपुन्हा डसते. डसलेल्याचा श्वास कोंडू लागला किंवा ओठ सुजले, तर घरगुती उपचारांत वेळ न दवडता त्याला तत्काळ इस्पितळात न्यावे.