चॅसीचा गंज : जोंगाच्या निमित्ताने

कॅडेट मित्रांनो, जोंगा हे नाव तुमच्यापैकी अनेकांनी ऐकले असेल. ‘जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेंब्ली’ या नावाची आद्याक्षरे जोडून ते तयार झाले. मूळ आराखडा जपानच्या निसान कंपनीचा, सहा सिलिंडरचे सुमारे ४ लिटरचे पेट्रोल इंजिन, आणि बांधणी जबलपूरच्या वाहन निर्माणीत. १९९९ मध्ये उत्पादन थांबले, तरी लिलावात विकल्या गेलेल्या जोंगा अजून रस्त्यावर दिसतात. इंजिन पुन्हा बांधता येते, गिअरबॉक्स बदलता येतो. जुनी गाडी खरी मोडीत निघते ती चॅसी कुजल्यामुळे.

लोखंड, पाणी आणि ऑक्सिजन एकत्र आले की गंज सुरू होतो. मीठ त्याचा वेग वाढवते. गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते. म्हणून तो फुगतो, पोपडे सुटतात आणि खालचे ताजे लोखंड पुन्हा उघडे पडते. ॲल्युमिनियमचा ऑक्साइड मात्र घट्ट चिकटून राहतो आणि आतल्या धातूचे रक्षण करतो. गंज असे काहीच करत नाही.

तो लपतो कुठे? जिथे चिखल साचतो तिथे: स्प्रिंगच्या हँगरमागे, आडव्या पट्ट्यांच्या सांध्यात, बंद पोकळीच्या आत. पाणी निघून जावे म्हणून ठेवलेली छिद्रे चिखलाने बुजली की बाहेरून चकचकीत दिसणारी चॅसी आतून पोखरली जाते. छोट्या हातोडीने ठोकत जा. निरोगी लोखंड खणखणते, कुजलेले बद्द वाजते. शंका आली तर टोच्या दाबून पाहा. गाडीखाली शिरताना केवळ जॅकवर विसंबू नका. पक्के स्टँड लावलेच पाहिजेत.

उपचारात सर्वांत कंटाळवाणे काम सर्वांत महत्त्वाचे आहे, ते म्हणजे खरवडणे. तारेच्या ब्रशने पोपडे काढा, ग्रीस पुसा, धुऊन पूर्ण वाळवा. उरलेल्या पातळ गंजावर फॉस्फोरिक ॲसिड असलेले द्रावण लावले की त्याचे लोह फॉस्फेट होते. हातमोजे आणि चष्मा विसरू नका. मग प्रायमर, त्यावर रंग, शेवटी बुडाचे जाड कोटिंग. पोकळीत मेणयुक्त तेल फवारावे. गंजावरच डांबर फासून गाडी ‘नवी’ करण्याची पद्धत बाजारात सर्रास दिसते. त्या थराखाली पाणी अडकते आणि गंज निवांत वाढतो. पत्रा आरपार गेला असेल तर रंगाचा उपयोग नाही. कुजका भाग कापून त्याच जाडीचा नवा तुकडा वेल्ड करावा लागतो, आणि तो जाणकाराकडूनच. हँगर तुटला तर धावत्या गाडीचा ॲक्सल जागचा हलतो, म्हणून इथे काटकसर नको.

जबलपूरला जूनच्या मध्यानंतर पाऊस येतो. हे काम त्याआधी, कोरड्या मे महिन्यात, सकाळी सावलीत करावे. चटका बसेल इतक्या तापलेल्या लोखंडावर द्रावण काम करण्याआधीच वाळून जाते. सैन्यात मेंटेनन्स परेडला गाडीखाली डोकावतात. घरच्या गाडीसाठीही, पालकांना सोबत घेऊन, पावसाळ्यात आठवड्यातून एकदा बुडाचा चिखल पाण्याने काढा आणि ती छिद्रे तारेने मोकळी करा.