कुटुंबासाठी जीप की मालासाठी पिकअप? वाहन खरेदीपूर्वीचा हिशेब

पिकाचे पैसे हाती आले, त्यातले चार शिल्लक पडले की घरात वाहन घेण्याचा विषय निघतो. कर्त्या माणसाला माल बाजारात नेण्यासाठी पिकअप हवी असते. मुलाच्या मनात मोठी, उंच गाडी असते. घरातील बायकांना लेकरे आणि म्हातारी माणसे दवाखान्यात व पाहुण्यांकडे सुखरूप न्यायची असतात. मग सर्वांचे समाधान व्हावे म्हणून 'दोन्ही कामे करील' अशी एकच गाडी शोधली जाते. कृषिविद्या शिकवणाऱ्याने मोटारींवर लिहावे हे काहींना विचित्र वाटेल. परंतु मेळाव्यात खतांच्या मात्रांइतकाच हा प्रश्न आम्हाला विचारला जातो. शिवाय चुकीच्या वाहनाचा हप्ता पाच वर्षे भरावा लागतो, चुकलेली खतमात्रा पुढच्या हंगामात सुधारता येते.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी. माणसे नेणारे वाहन आणि माल नेणारे वाहन यांची रचनाच वेगळी असते. पिकअपच्या मागील बाजूस पाट्यांची स्प्रिंग असते व ती भरलेल्या हौद्याच्या वजनासाठी बनवलेली असते. हौदा रिकामा असताना हे पाटे दबत नाहीत, गाडी उडते, मागील चाकांवर भार कमी राहतो आणि ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक लावल्यास मागचा भाग सरकण्याचा संभव असतो. उलट प्रवासी गाडीचे स्प्रिंग मऊ असतात. तिच्यात मागच्या बाकावर खताच्या आठ गोण्या, म्हणजे चारशे किलो, टाकल्या की मागील भाग खाली बसतो, पुढील चाकांवरील भार हलका होतो व स्टिअरिंगचा ताबा कमी होतो. आजच्या बहुतेक लहान एस.यू.व्ही. पुढच्या चाकांवर चालतात. चढावर वजन मागे सरकते आणि ज्या चाकांनी ओढायचे तीच घसरतात.

खेपांची नोंद करा

म्हणून कोणते वाहन घ्यावे हे ठरवण्यापूर्वी मागील वर्षी आपला माल किती वेळा, किती वजनाचा व किती अंतरावर गेला याची नोंद करावी. बाजार समितीच्या पट्ट्या जपून ठेवल्या असतील तर हे काम तासाभराचे आहे. पट्ट्या जपल्या नसतील तर यंदापासून एक वही घालावी आणि वाहन पुढील वर्षी घ्यावे.

ऊस उत्पादकाचा ऊस बहुधा साखर कारखान्याच्या तोडणी व वाहतूक यंत्रणेमार्फत जातो. द्राक्षे पुष्कळदा व्यापारी बागेतूनच उचलतो. सोयाबीन, तूर, हरभरा यांच्या वर्षातून दोन-चार खेपा होतात व त्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीने भागतात. अशा शेतकऱ्याने पिकअप घेतली तर ती वर्षातील बहुतेक दिवस अंगणात उभी राहते. याउलट टोमॅटो, ढोबळी मिरची, काकडी, पालेभाज्या व फुले पिकवणाऱ्याला दर दोन-तीन दिवसांनी बाजार गाठावा लागतो. तोडा झाला की माल थांबत नाही. भाड्याची गाडी ऐनवेळी न आल्याने दुपारचा लिलाव हुकणे काय असते, हे नारायणगाव किंवा पिंपळगाव बसवंतच्या बाजारात टोमॅटो नेणाऱ्यांना वेगळे सांगायला नको.

आता हिशेब पाहू. खालील आकडे समजुतीसाठी धरले आहेत. आपल्या गावचे दर घालून हा हिशेब पुन्हा करावा. समजा, पिकअपची रस्त्यावर येईपर्यंतची किंमत १० लाख रुपये आहे आणि ८ वर्षांनी ती ४ लाखांना विकली जाईल. म्हणजे घसारा दरवर्षी ७५,००० रुपये. सरासरी ७ लाख रुपये तिच्यात अडकून राहतात. त्यावर १० टक्के दराने व्याज ७०,००० रुपये. विमा, कर आणि पासिंग यांसाठी ४०,००० रुपये धरू. गाडी एक किलोमीटरही चालली नाही तरी हा १,८५,००० रुपयांचा स्थिर खर्च होतोच.

चालू खर्च वेगळा. डिझेल ९० रुपये लिटर आणि अ‍ॅव्हरेज १४ किलोमीटर धरल्यास किलोमीटरला सुमारे साडेसहा रुपये, त्यात टायर, ऑइल व दुरुस्तीचे अडीच रुपये मिळवले की ९ रुपये होतात. जाऊन-येऊन ६० किलोमीटरच्या खेपेस ५४० रुपये लागतील. हीच खेप भाड्याच्या पिकअपने २,३०० रुपयांना पडत असेल तर स्वतःच्या गाडीने खेपेमागे १,७६० रुपये वाचतात. १,८५,००० ला १,७६० ने भागल्यास उत्तर १०५ येते. म्हणजे वर्षाला १०५ खेपा झाल्या तर गाडी भाड्याच्या बरोबरीला येते, त्यापुढे फायदा. खेपेस ५०० रुपये देऊन चालक ठेवावा लागत असेल तर हाच आकडा १४७ वर जातो.

एक एकर टोमॅटोचे साधारण पंधरा ते वीस तोडे होतात. तेव्हा एकट्या टोमॅटोवर १०५ खेपा भरण्यासाठी क्षेत्र किती लागेल आणि लागवडी कशा टप्प्याने कराव्या लागतील याचा विचार ज्याचा त्याने करावा. खेपा चाळीस-पन्नासच भरत असतील तर भाड्याची गाडीच परवडते, मग शेजाऱ्याच्या दारात नवी पिकअप उभी असली तरी. दुसरा मार्ग म्हणजे तीन-चार भाजीपाला उत्पादकांनी मिळून खेपा भरणे. मालवाहू म्हणून नोंदलेल्या, पिवळ्या नंबर प्लेटच्या गाडीतून दुसऱ्याचा माल भाड्याने नेता येतो. पांढऱ्या प्लेटच्या खासगी गाडीतून तो नेता येत नाही.

किती टनाची गाडी?

येथे बरेच जण फसतात. १,३०० किलो क्षमतेच्या पिकअपमध्ये २० किलोचे ६५ क्रेट बसतात, हा हिशेब बरोबर दिसतो. परंतु रिकाम्या क्रेटचेही वजन दीड ते दोन किलो असते. ६५ क्रेटचे ते शंभर-सव्वाशे किलो होते. वर हमाल बसला, ताडपत्री व दोर पडले की गाडी ओव्हरलोड होते. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार जादा वजनास २०,००० रुपये व प्रत्येक जादा टनास आणखी २,००० रुपये दंडाची तरतूद असून जादा माल उतरवण्याचा खर्चही मालकाचाच. म्हणून नेहमीच्या तोड्यापेक्षा पंधरा-वीस टक्के जास्त क्षमतेची गाडी पाहावी. मात्र गाडीचे मालासह एकूण वजन ३,००० किलोपर्यंत असेल तर कलम ६६ नुसार वाहतुकीचा परवाना लागत नाही, त्यापुढे लागतो. ही मर्यादा कोणते मॉडेल ओलांडते हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे. फुले, पालेभाजी असा हलका माल असेल तर 'छोटा हत्ती' म्हणून ओळखली जाणारी, २००५ मध्ये बाजारात आलेली टाटा एस किंवा तिच्या वर्गातील गाडी पुरेशी होते. वाहन चालवण्याच्या परवान्याबाबतची शंका सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी दूर केली आहे. हलक्या वाहनाचा परवाना असणाऱ्यास ७,५०० किलोपर्यंतच्या मालवाहू गाड्या चालवता येतात.

हौद्यात माणसे बसवू नका

हा लेख लिहिण्यामागचे खरे कारण हे आहे. पिकअप घरात आली की पहिल्या आठवड्यातच तिच्या हौद्यात खुरपणीच्या बायका बसतात, नंतर जत्रेला भावकी बसते. मी ज्या गावात वाढलो तेथे अशी एक गाडी कालव्याच्या वळणावर उलटली. मजुरीस निघालेल्या बायका जखमी झाल्या, एकीचा पाय कायमचा गेला. गाडीचा विमा चालू होता, तरी भरपाईचा बोजा मालकावर आला आणि त्याला अडीच एकर जिरायत विकावी लागली.

असे का होते? मालवाहू गाडीच्या विम्यात मालासोबत जाणारा मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी येतो. ही तरतूद १९९४ च्या दुरुस्तीने झाली. चढ-उतार करणाऱ्या मजुरांसाठी विमापत्रात संख्या नोंदवून संरक्षण घेता येते. परंतु नुसते प्रवासी म्हणून बसलेल्या लोकांची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये दिला आहे. वऱ्हाड, देवदर्शन, दुसऱ्याच्या शेतावर निघालेली टोळी हे सर्व त्यात येते. कायद्याची बाब बाजूला ठेवली तरी हौद्याला पट्टा नाही, पाठ टेकायला जागा नाही आणि फाळका केवळ गुडघ्याइतका उंच. ज्यांच्या श्रमावर आपला तोडा होतो त्यांना आपण क्रेटच्या जागी बसवतो, हे पटण्यासारखे नाही.

ज्यांना माल आणि चार-पाच माणसे दोन्ही नेहमी न्यावी लागतात त्यांच्यासाठी दुहेरी केबिनच्या गाड्या आहेत. बोलेरो कॅम्पर, टाटा योद्धा क्रू कॅब यांत चालकासह पाच जण आत बसतात व मागे लहान हौदा राहतो. त्यांची नोंद मालवाहू म्हणून होते. आत बसणाऱ्या घरच्या माणसांचे संरक्षण विमापत्रात आहे किंवा नाही हे वाचून घ्यावे, नसल्यास जादा हप्ता भरून घ्यावे. इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉससारख्या पिकअप खासगी म्हणून नोंदता येतात, परंतु त्यांची किंमत पाहता शेतमालाच्या हिशेबात त्या बसत नाहीत. हौस असेल तर हौस म्हणून घ्याव्यात.

घरची गाडी निवडताना

खेपांचा हिशेब भाड्याच्या बाजूने लागला तर घरासाठी निर्धास्तपणे प्रवासी गाडी घ्यावी. येथे प्रथम सुरक्षितता पाहावी. 'पत्रा जाड, चेसिसची गाडी, म्हणून मजबूत' ही समजूत पुरेशी नाही. चेसिसवर बांधलेल्या बोलेरो निओला २०२४ च्या ग्लोबल एनकॅप चाचणीत एकच तारा मिळाला, तर चेसिसवरच बांधलेल्या स्कॉर्पिओ-एनला २०२२ मध्ये पाच तारे मिळाले. नेक्सॉन चेसिसविना असूनही तिने २०१८ मध्ये पाच तारे मिळवले होते. म्हणजे चेसिस असल्या-नसल्यावरून अनुमान काढू नये, चाचणीचा निकालच पाहावा. ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप ही आपली चाचणीही सुरू झाली आहे. सात आसनी गाडीत मागील आसने आडवी, समोरासमोर असतील तर तेथे मुलांना बसवू नये.

कराचा फरकही लक्षात घ्यावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपर्यंत लांबीच्या आणि १,२०० सीसीपर्यंत पेट्रोल किंवा १,५०० सीसीपर्यंत डिझेल इंजिनाच्या गाड्यांवर जीएसटी १८ टक्के, त्याहून मोठ्यांवर ४० टक्के आहे. मालवाहू गाड्यांवरही तो १८ टक्के झाला. विम्यात मात्र उलट असते. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार १,००० ते १,५०० सीसीच्या खासगी गाडीचा तृतीय पक्ष हप्ता वर्षाला ३,४१६ रुपये, तर ७,५०० किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीचा १६,०४९ रुपये होता.

चारही चाकांवर चालणारी गाडी किती जणांना लागते? शेतापर्यंत काळ्या मातीतून पावसाळ्यात रोज जावे लागत असेल आणि दुसरा रस्ता नसेल तरच. एरवी खटका मारण्याचे वर्षातून चार प्रसंग येतात व डिझेल रोज जादा लागते. त्यापेक्षा शेतरस्त्यावर टेप घेऊन जावे आणि दोन चाकोऱ्यांमधील उंचवट्याची उंची मोजावी. गाडी माणसांनी भरली की पोट आणखी खाली येते, हे धरून तीन-चार बोटे मोकळी राहतील अशी गाडी निवडावी.

डिझेल की पेट्रोल, याचे उत्तर २०२० नंतर बदलले आहे. बीएस-६ डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारी गाळणी असते. ती साफ होण्यासाठी गाडी अधूनमधून काही वेळ सलग, बऱ्या वेगाने चालावी लागते. घर ते शेत अशा दोन-तीन किलोमीटरच्याच फेऱ्या होत असतील तर गाळणी तुंबते व दुरुस्ती महाग पडते. वापर कमी असणाऱ्याने पेट्रोल घ्यावे.

कर्ज व जुनी गाडी

आठ लाखांचे कर्ज १० टक्के दराने पाच वर्षांसाठी घेतल्यास महिन्याचा हप्ता सुमारे १७,००० रुपये बसतो व व्याजापोटी २ लाख २० हजार रुपये जातात. आपले उत्पन्न मात्र महिन्याला येत नाही. तेव्हा हंगामानुसार तिमाही किंवा सहामाही हप्ते बांधून मिळतात का हे बँकेत आधी विचारावे, गाडी पसंत करण्यापूर्वी.

जुनी गाडी पाहताना सकाळी इंजिन थंड असताना जावे व ते आपल्यासमोर सुरू करावे. गाडी आधी तापवून ठेवली असेल तर परत यावे. चेसिसच्या पट्ट्यांवर जोड, ताजा रंग किंवा गंज आहे का ते खालून पाहावे. पाट्यांत वाढवलेले पान दिसले तर गाडीने क्षमतेबाहेर ओझे वाहिले आहे असे समजावे. मालवाहू गाडीस आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी व नंतर दरवर्षी पासिंग लागते, त्याची तारीख तपासावी. नोंदणीपुस्तकावर बँकेचा बोजा असेल तर ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ हाती पडल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. हस्तांतरणाचे फॉर्म २९ व ३० विक्रेत्याच्या सहीने त्याच दिवशी घ्यावेत.