ट्रॉलीच्या दिव्यांविषयी

सरस्वतीपुरम, म्हैसूर

चि. बाळास,

तुझा व्हिडिओ तीनदा पाहिला. आर्डुइनोवर आठ दिवे डावीकडून उजवीकडे पळतात, दोनदा लुकलुकतात, मग उलटे फिरतात. हात छान बसलाय. गणपतीच्या मंडपात हे शोभलं असतं. तुला ते दादाच्या उसाच्या ट्रॉलीला लावायचंय, म्हणून सविस्तर लिहिते.

शिरोळच्या रस्त्यावर रात्री मागून मोटरसायकल ताशी 60 च्या वेगाने आली, तर ती सेकंदाला जवळजवळ 17 मीटर पुढे सरकते. तुझा एक फेरा तीन सेकंदांचा, म्हणजे तो पुरता दिसेपर्यंत तिने 50 मीटर कापलेले असतात. त्यात दीड सेकंद सगळे दिवे विझलेले. तेवढ्या 25 मीटरांत ती चालवणाऱ्या पोराला पुढे नुसता काळोख, आणि काळोखात बाहेर आलेली उसाची टोकं. दोन्ही कडांचे नारिंगी दिवे एकदमच लागू-विझू देत, म्हणजे ट्रॉलीची रुंदी कळते. वेग मिनिटाला 90 च्या आसपास ठेव. गाड्यांचे इंडिकेटर 60 ते 120 च्या दरम्यान चालतात, लोकांच्या डोळ्यांना त्याचीच सवय आहे.

तुझ्या आठांतले लाल-निळे दिवे मात्र काढच. आमच्या इथे सरस्वतीपुरमला अग्निशमन केंद्र आहे. बंब निघाला की ते दिवे पाहून माणसं गाडी बाजूला घेतात, विचारही करत नाहीत. तो विश्वास ट्रॉलीवर खर्च करायचा नाही. 1 मे 2017 पासून मंत्र्यांच्या गाड्यांवरचे लाल दिवेसुद्धा उतरवले गेले.

आता प्रोग्रॅम. त्यात 'डिले' अकरा ठिकाणी आहे. तो चालू असताना प्रोग्रॅम तिथेच अडकतो, इंडिकेटरचा खटका दाबलेला त्याला कळत नाही. त्याऐवजी 'मिलिस' वापर. दिवा शेवटचा कधी पालटला ते जपून ठेव, आताच्या वेळेतून ते वजा कर, बाकी पुरेशी झाली की पालट. दोन्ही आकडे 'अनसाइन्ड लाँग'मध्येच ठेव. 'मिलिस'ची मोजणी साधारण 50 दिवसांनी पुन्हा शून्यापासून सुरू होते, तरी वजाबाकी चुकत नाही. गाळप हंगाम त्याहून लांब चालतो. आणि ब्रेकची वायर आर्डुइनोच्या चिपमधून नेऊच नकोस, थेट राहू दे.

चिपच्या पिनमधून 20 मिलिअँपिअरपेक्षा जास्त ओढू नकोस. 21 वॅटचा बल्ब 12 व्होल्टवर पावणेदोन अँपिअर घेतो, तेव्हा मधे मॉसफेट हवाच, 5 व्होल्टवर पुरता उघडणारा. त्याच्या गेटपासून अर्थला 10 किलोओहमचा रेझिस्टर लाव, नाहीतर चिप सुरू होताना दिवे भलतेच लागतात. फ्यूज बॅटरीजवळ.

अर्थसाठी ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या हुकावर विसंबू नकोस. मी पहिला फ्लॅशर केला तेव्हा दिवे मधूनच मंद व्हायचे. तीन रात्री प्रोग्रॅम वाचत बसले आणि दोष निघाला हुकाच्या गंजात. वेगळी वायर ओढली, पाच मिनिटांत काम झालं.

हे सगळं जमेपर्यंत ट्रॉली रिकामी उभी राहणार नाही, ते मला ठाऊक आहे. म्हणून आजच बाजारात जाऊन लाल रिफ्लेक्टर आण आणि मागच्या फळीला, ऊस झाकणार नाही अशा जागी, दोन्ही कडांना लाव. त्यांना बॅटरी लागत नाही.

तुझी,
आत्या