खेडें, कॅमेरा आणि गांवची संमति

बोलपट हा पैशाचा खेळ आहे, असें आपण नेहमीं ऐकतों. मोठें भांडवल, भव्य स्टुडिओ, प्रखर दिव्यांच्या रांगा आणि नांवाजलेले नट यांवांचून चित्र उभें राहत नाहीं, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ही समजूत अगदींच खोटी म्हणतां येणार नाहीं. परंतु ती अपुरी आहे. ज्या ठिकाणीं स्टुडिओ नव्हता, चित्रगृह नव्हतें, व ज्या लोकांनीं पूर्वीं कधीं अभिनय केला नव्हता, अशा ठिकाणीं आणि अशा लोकांकडूनही चित्रपट तयार झाले आहेत. इतकेंच नव्हे, तर त्यांपैकीं एकास देशांतील सर्वोच्च मान मिळाला आहे. मग तेथें पैशाच्या जागीं कोणतें भांडवल खर्च झालें, आणि तें कोणाच्या पदरचें होतें? विद्यार्थी मित्रांनो, याच प्रश्नाचा आज आपण विचार करूं.

त्यासाठीं आसामांतील दोन चित्रपटांचीं उदाहरणें घेऊं. पहिला इ. स. १९३५ मधील आणि दुसरा इ. स. २०१७ मधील. दोहोंमध्यें ब्याऐंशी वर्षांचें अंतर आहे. पण दोन्ही चित्रपट शहरापासून दूर, तुटपुंज्या साधनांनीं तयार झाले, आणि दोहोंच्या केंद्रस्थानीं खेड्यांतील एक मुलगी आहे.

तत्पूर्वीं आपल्या महाराष्ट्रांतील एका गोष्टीचें स्मरण करणें इष्ट होईल. दादासाहेब फाळके यांनीं १९१३ सालीं ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट लोकांपुढें आणिला, तेव्हां राणी तारामतीच्या भूमिकेसाठीं त्यांना स्त्री मिळाली नाहीं. अखेर अण्णा साळुंके या तरुणास लुगडें नेसवून ती भूमिका करवून घ्यावी लागली. ‘मोहिनी भस्मासुर’ या पुढच्याच चित्रपटांत दुर्गाबाई कामत व त्यांची कन्या कमलाबाई या पडद्यावर आल्या, तेव्हां ही कोंडी फुटली. यावरून एक गोष्ट ध्यानांत येते. आरंभींच्या काळांत चित्रपटास पैशापेक्षांही दुर्मिळ अशी एक वस्तु होती. ती म्हणजे ‘आमची मुलगी तुमच्या चित्रांत येऊं द्या’ असें म्हणणारें घर.

१. भोलागुरीचें चित्रवन

ज्योतिप्रसाद आगरवाला (१९०३–१९५१) हे आसामी साहित्यांतील थोर कवि, नाटककार व संगीतकार. स्वातंत्र्याच्या चळवळींतही त्यांनीं भाग घेतला होता. चहाचे मळे असलेल्या संपन्न घराण्यांत त्यांचा जन्म झाला. विलायतेंत शिक्षणासाठीं गेले असतां जर्मनींतील उफा स्टुडिओंत त्यांनीं चित्रपटकलेची ओळख करून घेतली. परत आल्यावर आपल्या भाषेंत बोलपट काढावयाचा, असा त्यांनीं निश्चय केला. त्या वेळीं आसामी भाषेंत एकही चित्रपट झालेला नव्हता. कलकत्त्यास जाऊन तयार स्टुडिओ भाड्यानें घेणें शक्य होतें. पण त्यांनीं घराण्याच्या मालकीच्या भोलागुरी येथील चहाच्या मळ्यांतच बांबू व चटया यांच्या साहाय्यानें एक तात्पुरता स्टुडिओ उभारला, आणि त्यास ‘चित्रवन’ असें सुंदर नांव दिलें.

कथा त्यांनीं निवडली ती राणी जयमतीची. सतराव्या शतकांत आहोम राजा सुलिक्फा, ज्यास लोक ‘लरा राजा’ म्हणजे पोरसवदा राजा म्हणत, तो गादीवर होता. आपल्या राज्यपदाचे संभाव्य वारस त्यानें एकामागून एक पंगु करविले. राजपुत्र गदापाणि मात्र निसटला. त्याचा ठावठिकाणा काढण्यासाठीं राजपुरुषांनीं त्याच्या पत्नीस, जयमतीस, पकडून तिचे अनन्वित हाल केले. तिनें प्राण सोडला. पण पतीचा पत्ता सांगितला नाहीं. पुढें गदापाणि राजा झाला, आणि जयमतीच्या पुत्रानें तिच्या स्मरणार्थ शिवसागराजवळ जयसागर नांवाचा विस्तीर्ण तलाव खोदविला. या कथेवर लक्ष्मीनाथ बेजबरुआ यांनीं नाटक लिहिलें होतें. त्याच्याच आधारें ‘जयमती’ हा चित्रपट रचला गेला.

साधनांची अडचण किती होती, हें आज कल्पनेनेंच जाणावें लागेल. चित्रीकरणास सूर्य हाच मुख्य दिवा, आणि आसामांत पाऊस लागला म्हणजे दिवसचे दिवस सूर्यदर्शन दुर्लभ. फिल्म एकदां प्रकाशास दाखविली कीं ती खर्ची पडली. चूक झाली तर तितके पैसे पाण्यांत. शिवाय घेतलेलें चित्र व ध्वनि बरोबर उतरले आहेत कीं नाहींत, हें तेथल्या तेथें कळण्याचा मार्ग नव्हता. पुढील संस्कारासाठीं सर्व सामग्री लाहोरास नेली, तेव्हां असें आढळून आलें कीं चित्राच्या बऱ्याच भागाचा ध्वनि बिघडला आहे. नटांना आसामांतून इतक्या दूर पुनः आणणें अशक्य. तेव्हां ज्योतिप्रसादांनीं स्त्री व पुरुष अशा सर्व पात्रांचीं भाषणें स्वतःच्याच आवाजांत म्हणून ध्वनिमुद्रण पुरें केलें, असें सांगतात. मार्च १९३५ मध्यें कलकत्त्यास हा चित्रपट प्रथम दाखविण्यांत आला. आसामांत त्या वेळीं चित्रगृहें हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीं. त्यामुळें घातलेला पैसा वसूल झाला नाहीं, आणि ज्योतिप्रसादांस मोठें नुकसान सोसावें लागलें. तरीही त्यांनीं धीर सोडला नाहीं. १९३९ सालीं त्यांनीं थोडक्या खर्चांत ‘इंद्रमालती’ हा दुसरा बोलपट काढिला. पुढें गायक म्हणून विख्यात झालेले भूपेन हजारिका यांनीं त्यांत बालपणीं भूमिका केली होती.

हा झाला पैशाचा हिशेब. परंतु ‘जयमती’ची खरी किंमत ज्योतिप्रसादांच्या खतावणींत लिहिलेली नाहीं. ती दुसऱ्याच कोणी चुकती केली.

२. एका शब्दाची शिक्षा

जयमतीची भूमिका आइदेउ हांडिक नांवाच्या मुलीनें केली. ती गोलाघाटकडील पानी-दिहिंगिया गांवची. ज्योतिप्रसादांचा आग्रह असा होता कीं भूमिका करणारीं स्त्रीपुरुषें प्रतिष्ठित घरांतील असावींत. कलेस समाजांत मानाचें स्थान मिळावें हा त्यामागील हेतु. परंतु अशा घरची मुलगी मिळणें सोपें नव्हतें. ‘तुला नदींतील जहाज दाखवितों’ असें सांगून परिचयाच्या एका माणसानें आइदेउला घरून भोलागुरीस नेलें, अशी आठवण सांगितली जाते. तेथें आल्यावर तिनें भूमिका शिकून घेतली व ती पार पाडली.

चित्रांत तिनें गदापाणीची भूमिका करणाऱ्या नटास, राणी पतीस हांक मारी त्याप्रमाणें, ‘बंगहरदेउ’ असें संबोधिलें होतें. आइदेउ गांवीं परतली, तेव्हां गांवानें हाच शब्द तिच्यापुढें मांडला. परक्या पुरुषास जिनें पति म्हटलें, तिचें लग्न आतां कोणाशीं व्हावयाचें? तिच्या हातचें पाणी कोणी पिईना. घरच्या मंडळींसही वाळीत पडण्याचें भय उत्पन्न झालें. अखेर गोठ्याशेजारीं वेगळी झोंपडी बांधून तिला राहावें लागलें. तिचें लग्न कधींच झालें नाहीं. तिनें पुनः कोणत्याही चित्रपटांत काम केलें नाहीं, आणि ज्या चित्रामुळें आयुष्य असें वळलें, तें चित्र पाहण्याचा योगही तिला कित्येक वर्षें आला नाहीं.

येथें क्षणभर थांबून विचार करावा. जयमतीनें एक शब्द उच्चारला नाहीं, म्हणून तीनशें वर्षें लोक तिला पूज्य मानीत आले. तिची भूमिका करणाऱ्या मुलीनें एक शब्द उच्चारला, आणि तोही दुसऱ्यानें लिहून दिलेला. त्यासाठीं त्याच लोकांनीं तिला जन्मभर दूर ठेविलें. राणीचें धैर्य सर्वांस प्रिय. पण शेजारच्या मुलीचें धैर्य कोणास सोसेना.

गांवास केवळ दोष देऊन मोकळें होणें मात्र न्यायाचें नाहीं. त्या गांवानें चित्रपट म्हणजे काय हें पाहिलेलें नव्हतें. सोंग आणि सत्य यांतील भेद त्यास कोणी समजावून सांगितला नव्हता. चित्रपट काढणाऱ्यांनीं मुलीस नेलें, पण गांवाची समजूत काढिली नाहीं. त्यांचा हेतु उदात्त होता, यांत शंका नाहीं. तथापि काम संपल्यावर ते आपापल्या ठिकाणीं गेले, आणि मुलीस मात्र त्याच गांवांत, त्याच माणसांत दिवस काढावयाचे होते.

३. कलरदियाचीं मुलें

आतां दुसरें उदाहरण पाहूं. गुवाहाटीच्या पश्चिमेस कामरूप जिल्ह्यांत छयगांवजवळ कलरदिया हें लहानसें गांव आहे. ब्रह्मपुत्रेचा पूर हा तेथील वर्षाचा पाहुणा. तो भातशेती बुडवितो आणि कधीं माणसेंही नेतो. रीमा दास या याच गांवच्या. समाजशास्त्राचें उच्च शिक्षण त्यांनीं पुणें विद्यापीठांत घेतलें, व नटी होण्याच्या इच्छेनें त्या मुंबईस गेल्या. तेथें त्यांनीं रंगभूमीवर कामही केलें. चित्रपटकलेचें शिक्षण त्यांनीं कोणत्याही संस्थेंत घेतलें नाहीं. चित्रें पाहून व स्वतः करून त्या शिकल्या. पुढें त्या आपल्या गांवीं परतल्या, त्या कॅमेरा घेऊनच.

गांवांतील कांहीं मुलें थर्मोकोलचीं खोटीं वाद्यें करून गाण्याबजावण्याचें सोंग करीत असत. तें पाहून त्यांना ‘व्हिलेज रॉकस्टार्स’ या चित्रपटाची कल्पना सुचली. कथा साधी आहे. धुनु नांवाची दहा वर्षांची मुलगी विधवा आई व भाऊ यांच्यासह राहते. तिला खरी गिटार हवी आहे, आणि त्यासाठीं ती पैसा पैसा सांठविते. मध्यंतरीं पूर येतो व हातचें पीक जातें. धुनु मुलांबरोबर झाडावर चढते, खेळते. ती वयांत आल्यावर गांवांतील बायका तिला बोल लावतात, आणि आई तिच्या पाठीशीं उभी राहते.

या चित्रपटाचें लेखन, दिग्दर्शन, छायाचित्रण, संकलन व निर्मिति हीं सर्व कामें रीमा दास यांनीं एकट्यांनीं केलीं. ध्वनिमुद्रणाचें काम त्यांची चुलत बहीण मल्लिका दास हिनें केलें. धुनुची भूमिका भनिता दास या नात्यांतल्याच मुलीची. आईची भूमिका बसंती दास यांची. सारे नट गांवचेच. कृत्रिम दिवे नाहींत, उभारलेले देखावे नाहींत. गांवचेंच घर, गांवचेंच शेत, आणि पूरही खराच. तीन वर्षांहून अधिक काळ सवडीसवडीनें चित्रीकरण चाललें. शाळा सुटल्यावर मुलें येत. पाऊस हवा तर पावसाची आणि पूर हवा तर पुराची वाट पाहिली जाई. पैशाची उणीव रीमाबाईंनीं वेळानें भरून काढिली.

२०१७ सालीं कॅनडांतील टोरोंटो येथील महोत्सवांत हा चित्रपट दाखविला गेला. २०१८ मध्यें सर्वोत्कृष्ट चित्रपटाचें राष्ट्रीय पारितोषिक त्यास मिळालें. भनितेस बालनटाचें, मल्लिकेस ध्वनिमुद्रणाचें व रीमा दास यांना संकलनाचें, अशीं आणखी तीन पारितोषिकेंही त्याच चित्रास लाभलीं. त्या वर्षीं ऑस्कर पारितोषिकासाठीं भारतातर्फे पाठविण्यासही हाच चित्रपट निवडला गेला.

४. दोहोंतील भेद

या दोन उदाहरणांतील भेद कोठें आहे? कोणी म्हणेल, यंत्रांत आहे. आणि तें कांहीं अंशीं खरें आहे. भोलागुरीस फिल्मचा प्रत्येक फूट मोजून खर्चावा लागे, आणि ध्वनीची चूक लाहोरास गेल्यावर कळे. आजच्या कॅमेऱ्यांत घेतलेलें दृश्य त्याच संध्याकाळीं पाहतां येतें, व नको असल्यास पुसून पुनः घेतां येतें. कोणी म्हणेल, काळ बदलला, तेंही खरें.

परंतु या दोन कारणांनीं सर्व उलगडा होत नाहीं. धुनुस बोल लावणाऱ्या बायका चित्रांत आहेत, त्या अर्थीं मुलीनें कसें वागावें याविषयींचा जुना धाक अद्याप नाहींसा झालेला नाहीं. महत्त्वाची गोष्ट ही कीं गांवाचा हा दोष गांवच्याच मुलीनें गांवास दाखविला, आणि गांवच्याच माणसांनीं कॅमेऱ्यापुढें उभें राहून तो अभिनयानें मांडला. ज्यांनीं धाक घालावयाचा, तेच चित्रांत सहभागी झाले. भनिता घरीं परतली ती गुपचूप कोठें जाऊन आलेली मुलगी म्हणून नव्हे. चित्रपट तिच्या अंगणांतच झाला होता, आणि दिग्दर्शिकाही तिच्याच घरची होती. पुढें ‘व्हिलेज रॉकस्टार्स’चा दुसरा भाग २०२४ सालीं पुरा झाला, त्यांतही धुनुची भूमिका भनितेनेंच केली. आइदेउला दुसरें चित्र लाभलें नाहीं, भनितेस लाभलें. दोन काळांतील अंतर मोजावयास याहून चांगलें माप नाहीं.

यावरून आपणांस असें म्हणतां येईल कीं खेड्यांतील अल्प खर्चाच्या चित्रपटाचें मुख्य भांडवल म्हणजे गांवची संमति होय. घर, शेत, गुरें, मुलें, वेळ हें सर्व गांव फुकट देतें. पण तें विश्वासानें दिलेलें असतें. पैशाचें कर्ज फिटतें. विश्वासाचें कर्ज मात्र, काम संपल्यावर जो गांवांत राहतो, त्याच्या माथीं बसतें.

विद्यार्थी मित्रांनो, आज तुमच्यापैकीं पुष्कळांच्या घरीं चित्रें घेण्याजोगा फोन आहे. उद्यां तुम्हींही आपल्या गांवचें, वाडीचें, शाळेचें चित्र काढूं म्हणाल. जरूर काढा. परंतु आरंभीं स्वतःस तीन प्रश्न विचारा : ज्याचें चित्र घेतों त्यास आपण काय करतों हें पुरतें समजलें आहे काय? त्याच्या घरच्यांस समजलें आहे काय? आणि चित्र पाहून लोक घरोघर गेल्यावर त्याचा बरावाईट परिणाम कोणास भोगावा लागणार आहे? या तीन प्रश्नांचीं उत्तरें नीट मिळालीं, तर साधन किती साधें आहे याची चिंता करण्याचें कारण नाहीं.

आइदेउ हांडिक यांचें पुढें काय झालें, तें सांगून हा लेख पुरा करतों. १९८५ सालीं आसामी चित्रपटास पन्नास वर्षें झालीं, तेव्हां लोकांना आपल्या पहिल्या नायिकेची आठवण झाली. वृद्धापकाळानें थकलेल्या त्या बाईंचा सत्कार करण्यांत आला. २००२ सालीं त्या निवर्तल्या. त्यांच्या भागांतील मुलींच्या एका शाळेस त्यांचें नांव देण्यांत आलें आहे. ज्या नांवाच्या माणसाच्या हातचें पाणी एके काळीं कोणी पीत नव्हतें, तें नांव शाळेच्या दारावर आलें, हें चांगलेंच झालें. परंतु तें तेथें येण्यास इतकीं वर्षें लागावयास नको होतीं.