दोन क्लॉस : लोभाविषयीं शब्बाथशाळेचा एक पाठ

शिक्षक बंधुभगिनींनो, लोभाचा पाठ घ्यावयाचा म्हणजे आपण बहुधा दहाव्या आज्ञेपासून आरंभ करितों. मुलें ती घोकून म्हणतात. परंतु शेजाऱ्याच्या बैलाचा लोभ त्यांच्या मनास शिवत नाहीं. अंबडच्या मुलांनीं आतां बैलांपेक्षां कारखान्यांच्या मालमोटारीच अधिक पाहिल्या आहेत. म्हणून या खेपेस मीं त्यांस डेन्मार्क देशाची एक गोष्ट सांगितली.

तो देश आपणांस अगदींच परका नाहीं. विल्यम केरी यांचें मराठी व्याकरण १८०५ सालीं बंगाल्यांतील ज्या श्रीरामपुरांत छापलें गेलें, तें त्या काळीं डेन्मार्कच्या राजाचें होतें. ही गोष्ट तिकडची लोककथा असून, हान्स आंदेरसन यानें ती बाळपणीं ऐकली व १८३५ सालीं मुलांच्या गोष्टींच्या आपल्या पहिल्याच पुस्तिकेंत छापिली.

एका गांवीं क्लॉस नांवाचे दोघे शेतकरी होते. एकाचे चार घोडे, म्हणून तो मोठा क्लॉस; दुसऱ्याचा एकच, म्हणून तो लहान क्लॉस. (तिकडे नांगरास घोडे जुंपीत, हें मुलांस आधीं सांगावें.) सहा दिवस लहानानें मोठ्याचें शेत नांगरावें, आणि केवळ रविवारीं मोठ्यानें आपले चार घोडे त्यास द्यावे, असा करार होता. रविवारीं लोक गीतपुस्तकें काखेंत घेऊन उपासनेस जात, तेव्हां लहान क्लॉस चाबूक वाजवून ओरडे, “चला रे माझ्या घोड्यांनो!” मोठ्यानें त्यास दोनदां बजाविलें. तिसऱ्यांदा तेंच ऐकतांच त्यानें लहानाचा एकुलता घोडा ठार केला.

लहानानें कातडें वाळविलें, त्यांत जादूगार आहे असें भासवून एका शेतकऱ्यास तें मापभर पैशांस विकलें, आणि पैसे मोजावयास मोठ्याकडूनच माप मागविलें. मोठ्यानें मापाच्या बुडास डांबर फासून दिलें होतें! नाणीं चिकटून आलीं, तीं पाहून त्यानें आपले चारही घोडे मारिले व कातडीं घेऊन तो शहरास गेला. तेथें चांभारांनीं त्यास यथेच्छ बदडलें.

येथवर मुलें पोट धरून हंसतात. पुढें दोघांच्या आज्यांचा जो भाग आहे, तो लहान मुलांस सांगूं नये, मीं गाळला. शेवट मात्र गाळूं नये. मोठा क्लॉस लहानास पोत्यांत घालून नदीकडे नेतो. वाटेंत प्रार्थनामंदिर लागतें, आंतून गायन ऐकूं येतें. तेव्हां तो पोतें दाराशीं ठेवून एक गीत ऐकावयास आंत जातो. दाराशीं बांधलेला जीव, आणि आंत गीत! मी पाळक असल्यामुळें येथें माझा आवाज नेहमीं अडखळतो. इतक्यांत एक म्हातारा गुराखी येतो, स्वर्गास जाण्याच्या आशेनें लहानाच्या जागीं पोत्यांत शिरतो, आणि बुडतो. लहान क्लॉस त्याचीं गुरें हांकीत घरीं येतो व सांगतो कीं, तीं नदीच्या तळाशीं मिळालीं. मग मोठा क्लॉस आपण होऊन पोत्यांत बसतो, वर जड धोंडाहि घालवून घेतो.

कित्येक शिक्षक येथें ‘गरीब जिंकला’ म्हणून पाठ संपवितात. तें मला मान्य नाहीं. नाथानानें दावीद राजास एका मेंढीची गोष्ट सांगितली (२ शमुवेल १२), तींतील गरीब निर्दोष होता. हा लहान क्लॉस तसा नाहीं. परक्याच्या चार घोड्यांस ‘माझे’ म्हणण्याची गोडी त्यासच प्रथम लागली. त्या शब्दापाशीं मुलांस थांबवावें. आमच्या खोलीच्या भिंतीशीं कांहीं वडीलधारीहि बसलीं होतीं. औद्योगिक वसाहतीसाठीं गेल्या शतकांत येथील जमिनी गेल्या, आणि मोबदल्यावरून सख्ख्या भावांचें बोलणें बंद झालेलीं घरें मला ठाऊक आहेत. प्रत्येकजण स्वतःस लहान क्लॉसच समजतो.

पाठ संपल्यावर आठ वर्षांची एक मुलगी उठली. तिनें घोड्यांविषयीं कांहीं विचारलें नाहीं, पैशांविषयींहि नाहीं. “पाळकसाहेब, त्या गुराखीबाबांच्या घरीं कोणीं जाऊन सांगितलें का?” एवढेंच तिनें विचारलें. मीं पुस्तक पुन्हां चाळलें. त्यांत तें नाहीं. भिंतीशीं बसलेल्यांपैकीं एक गृहस्थ खालीं पाहत होते, ते इतर मंडळी उठल्यावरहि बराच वेळ उठले नाहींत.